सहावीचा पेच आणि राजधानीचे राजकारण

फेब्रुवारी २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांचे प्रमुख अँटवान विल्सन यांना पद सोडावे लागले. त्यांच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप नव्हता, कंत्राटात नातलगाला झुकते माप दिल्याचाही नव्हता. त्यांची मुलगी एका शाळेत रुळली नाही, म्हणून तिला शहराच्या वायव्य भागातील एका नामांकित सरकारी शाळेत हलवण्यात आले होते. त्या शाळेच्या प्रतीक्षा यादीत सहाशेहून अधिक मुले होती आणि त्या सर्वांना ओलांडून ही जागा मिळाली होती. विल्सन यांच्या चार दिवस आधी शिक्षण खात्याच्या उपमहापौर जेनिफर नाइल्स यांनीही याच प्रकरणात राजीनामा दिला. गंमत अशी की, आधीच्या शाळाप्रमुख काया हेंडरसन यांनी काही बड्या अधिकाऱ्यांच्या मुलांना सोडत डावलून प्रवेश दिल्याचे २०१७ मध्ये उघड झाले होते, आणि असे प्रकार पुन्हा होऊ नयेत यासाठीचा नियम खुद्द विल्सन यांच्याच कारकिर्दीत झाला होता.

हे प्रकरण अमेरिकेबाहेर फारसे गाजले नाही. मात्र वॉशिंग्टनमध्ये ज्यांच्या घरी पाचवीत शिकणारे मूल होते, त्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. शाळांचा कारभार पाहणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाही आपल्या मुलासाठी शहरातील मोजक्याच शाळा योग्य वाटतात, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. फरक एवढाच की, त्यांना सोडतीच्या निकालाची वाट पाहावी लागत होती.

निवडीचे शहर

वॉशिंग्टन शहरात सरकारी पैशावर शिकणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुले चार्टर शाळांत जातात. चार्टर म्हणजे सनद. एखादी ना-नफा संस्था शाळा चालवण्याचा प्रस्ताव देते आणि सनद मंडळ तिला पंधरा वर्षांसाठी परवानगी देते. दर पाच वर्षांनी कामगिरीचा आढावा घेतला जातो. पैसा सरकारचा, फी शून्य. पण शिक्षकांची नेमणूक, अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि शिस्त यांत संस्थेला मोकळीक. या शाळांना वस्तीची हद्द नसते. शहरातील कोणतेही मूल अर्ज करू शकते आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावी लागते. परीक्षा घेऊन मुले निवडण्याची मुभा त्यांना नाही.

दुसऱ्या बाजूला पारंपरिक सरकारी शाळा आहेत. बालवाडीचे दोन वर्ग वगळता त्यांत हद्दीतील प्रत्येक मुलाला हक्काची जागा असते. ‘हक्काची शाळा’ प्रत्येकाला आहे, असे कागदोपत्री म्हणता येते. प्रश्न सुरू होतो तो सहावीपासून. प्राथमिक शाळेत मूल आनंदाने शिकत असते, शेजारची मुले सोबत असतात, बाई ओळखीच्या असतात. त्यानंतर सहावी ते आठवीसाठी हद्दीतील जी मिडल स्कूल वाट्याला येते, तिच्याकडे पाहून अनेक पालकांचा धीर सुटतो. कुठे पट इतका रोडावलेला असतो की बीजगणिताचा वेगळा वर्ग किंवा दुसरी परदेशी भाषा परवडत नाही. कुठे शाळेतील आणि रस्त्यावरील सुरक्षेची धास्ती असते. कुठे शाळा चांगली सुधारलेली असते, पण तिची जुनी कीर्ती पुसली गेलेली नसते.

रॉक क्रीक उद्यानाच्या पश्चिमेला, सधन वस्तीत, अॅलिस डील ही मिडल स्कूल आहे. तिच्या हद्दीतील घरांच्या किमतींमध्ये शाळेची किंमतही धरलेली असते, हे तेथील प्रत्येक दलाल जाणतो. जी कुटुंबे तेथे घर घेऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे: डीलमध्ये थेट मुले पाठवणाऱ्या एखाद्या प्राथमिक शाळेत लहानपणीच हद्दीबाहेरून सोडतीने प्रवेश मिळवायचा. एकदा तो मिळाला की पुढचा मार्ग मोकळा होतो. अॅनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला, सातव्या व आठव्या प्रभागात, बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आणि उत्पन्न कमी आहे. तेथून डीलकडे जाणाऱ्या मुलाचा दिवस बस आणि मेट्रोच्या प्रवासाने सुरू होतो. शहर शाळकरी मुलांना हा प्रवास फुकट देते. त्यात जाणारा वेळ मात्र परत देऊ शकत नाही.

पाचवीतच रिकामा होणारा वर्ग

चार्टर शाळांनी या पेचाला आणखी एक पीळ दिला आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘किप डीसी’ने पाचवी ते आठवी असा टप्पा धरला. मुलांची मागे पडलेली तयारी भरून काढायला एक वर्ष जास्त मिळावे, हा त्यामागील विचार होता. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉशिंग्टन लॅटिन’मध्येही प्रवेश पाचवीपासून. तेथे लॅटिन भाषा शिकावीच लागते. २०१२ मध्ये अॅरिझोनातील ‘बेसिस’ या शाळासमूहाची शाखा शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात उघडली. तिचा अभ्यासक्रम कठोर, परीक्षा कडक, आणि प्रवेशाचे मुख्य दार पाचवीचेच.

याचा परिणाम वस्तीतील प्राथमिक शाळांवर होतो. सरकारी प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत असते, परंतु चौथीच्या अखेरीस सजग पालकांची मुले निघून जातात. ‘सहावीला पाहू’ असे म्हणणाऱ्या पालकाला तोपर्यंत बहुतेक जागा भरलेल्या आढळतात. म्हणून मूल सुखात असतानाच त्याला उपटून नेण्याचा निर्णय नऊ-दहा वर्षांच्या वयात घ्यावा लागतो. मागे राहिलेल्या पाचवीच्या वर्गात निम्मे बाक ओस पडलेले दिसले, की पुढच्या वर्षी आणखी काही पालक आधीच निघण्याचा विचार करतात. एकेका घराचा निर्णय शहाणपणाचा असतो. त्या सर्वांची बेरीज मात्र शाळेच्या मुळावर येते.

कारण पैसा मुलामागे जातो. शहरातील शाळांची अधिकृत मोजणी दरवर्षी ५ ऑक्टोबरच्या पटावरून होते, आणि दर मुलामागे ठरलेल्या सूत्रानुसार निधी मिळतो. पंधरा मुले गेली म्हणून शाळेचे छप्पर पंधरा मुलांइतके लहान होत नाही. मुख्याध्यापिकेला मग संगीताचे शिक्षक ठेवायचे की ग्रंथपाल, असा निर्णय करावा लागतो.

परकीय भाषेच्या माध्यमातून शिकवणाऱ्या पाच प्राथमिक चार्टर शाळांनी २०१४ मध्ये एकत्र येऊन ‘डीसी इंटरनॅशनल’ ही सहावी ते बारावीची शाळा सुरू केली. स्पॅनिश, फ्रेंच वा चिनी भाषेत शिकलेल्या मुलांना पुढे तीच भाषा चालू ठेवता यावी, हा हेतू रास्तच. पण त्यामुळे तेथील जागांवर पहिला हक्क त्या पाच शाळांतील मुलांचा झाला. म्हणजे सहावीचा निकाल काही घरांत मूल तीन वर्षांचे असताना, बालवाडीच्या सोडतीतच लागून गेलेला असतो. ज्या आईला त्या वेळी शहरातील शाळांची ही साखळी ठाऊक नव्हती, किंवा जी त्या वर्षी दुसऱ्या राज्यात नोकरी करत होती, तिला पुढे कितीही धावपळ केली तरी तो रांगेचा क्रमांक मिळत नाही.

गणिताचा न्याय

सोडतीचे यंत्र मात्र प्रामाणिक आहे. २०१४-१५ च्या प्रवेशांपासून ‘माय स्कूल डीसी’ नावाची सामाईक व्यवस्था सुरू झाली. त्यापूर्वी प्रत्येक चार्टर शाळेची वेगळी सोडत, वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत होती. ज्यांना रजा काढून शाळा-शाळांत खेटे घालता येत, त्यांचीच चलती होती. आता एका अर्जात बारापर्यंत शाळा पसंतीच्या क्रमाने लिहिता येतात. संगणक प्रत्येक मुलाला एक यादृच्छिक क्रमांक देतो, भावंड त्याच शाळेत असल्यास अग्रक्रम मानतो आणि मार्चअखेरीस निकाल लागतो. मिळालेल्या शाळेपेक्षा वरच्या पसंतीच्या शाळांच्या प्रतीक्षा यादीत नाव राहते. खालच्या पसंतीच्या शाळांतून ते वगळले जाते.

या पद्धतीची मुळे डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या गणितज्ञांच्या १९६२ च्या संशोधनात आहेत. शेपली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. रॉथ यांनी न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथील शाळाप्रवेशांची घडी याच तत्त्वावर बसवली होती. पद्धतीचा गुण असा की, पालकाने चलाखी करण्यात काही अर्थ उरत नाही. जी शाळा खरोखर पहिली हवी, ती पहिली लिहावी. ‘तिथे कुठे नंबर लागणार’ म्हणून दुसरी शाळा वर लिहिली, तर नुकसान आपलेच.

तरीही दर हिवाळ्यात स्वयंपाकघरातील टेबलावर तासन्‌तास याद्या केल्या आणि खोडल्या जातात. कारण क्रम कसा लावावा हे गणित सांगते. कशाला किती महत्त्व द्यावे हे सांगत नाही. गणितात हुशार, पण बुजऱ्या मुलीला कडक परीक्षांच्या शाळेत घालावे काय? रोजचा तीन तासांचा प्रवास आणि चांगला विज्ञान विभाग, यांचा हिशेब कसा मांडावा? धाकट्याची शाळा एका टोकाला आणि थोरलीची दुसऱ्या टोकाला गेली, तर सकाळी आठ वाजता दोन्ही ठिकाणी कोण पोहोचणार? रात्रपाळी करणाऱ्या एकट्या आईला शाळा पाहण्याचे खुले दिवस गाठता येत नाहीत. शाळेचा गुणतक्ता तिला संकेतस्थळावर दिसतो, पण वर्गात मुलांशी कसे बोलले जाते ते दिसत नाही.

आणखी एक सत्य सोडतीचे गणित झाकू शकत नाही. उत्तम गणल्या जाणाऱ्या जागा शंभर आणि मागणारे हजार असतील, तर अत्यंत न्याय्य सोडतही नऊशेंना नाही म्हणते. फक्त ते सभ्यपणे, एकाच दिवशी आणि कोणाचाही दोष नसताना म्हटले जाते. दोष कोणाचाच नसल्याने जाब तरी कोणाला विचारायचा, हा प्रश्न राजकारण्यांच्या सोयीचा ठरतो. अलीकडे काही चार्टर शाळांनी गरीब, बेघर किंवा पालनगृहातील मुलांसाठी अग्रक्रम देण्यास सुरुवात केली. न्यायाच्या दृष्टीने ते पाऊल योग्य दिशेने आहे. मात्र त्याने रांगेतील क्रम बदलतो, जागा वाढत नाहीत.

शाळा कोणाच्या, निर्णय कोणाचा

ही व्यवस्था शहराने स्वतः निवडली, असेही नाही. १९९५ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली आणि अमेरिकी काँग्रेसने कारभारावर आर्थिक नियंत्रण मंडळ बसवले. त्याच काळात, न्यूट गिंग्रिच सभापती असताना, काँग्रेसने राजधानीसाठी शाळा सुधारणा कायदा केला आणि १९९६ मध्ये तो अमलात आला. चार्टर शाळांचा पाया तोच. २००४ मध्ये खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी अनुदान देणारी योजनाही काँग्रेसनेच आणली. पन्नास राज्यांत जे विधिमंडळ ठरवते, ते वॉशिंग्टनमध्ये असे लोकप्रतिनिधी ठरवतात ज्यांना त्या शहरातील कोणीही मत दिलेले नसते. १९७३ च्या स्वशासन कायद्याने शहराला महापौर आणि परिषद मिळाली, पण अंदाजपत्रकावरची दोरी काँग्रेसच्या हाती राहिली. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय खर्चाच्या विधेयकातील शब्दरचनेमुळे शहराचा स्वतःच्या करातील सुमारे एक अब्ज डॉलरचा खर्च अडचणीत आला, तेव्हा शाळांचे काय होणार ही चिंता पालकांना पुन्हा भेडसावली. दिल्लीच्या वाचकाला या अपुऱ्या स्वराज्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

शहराने मग आपल्या हातातील अधिकार एकवटले. २००७ मध्ये महापौर एड्रियन फेंटी यांनी निवडून आलेल्या शिक्षण मंडळाकडून शाळा आपल्या अखत्यारीत घेतल्या आणि मिशेल ऱ्ही यांना प्रमुख नेमले. त्यांनी २००८ मध्ये तेवीस शाळा बंद केल्या, शिक्षकांच्या मूल्यमापनाची कठोर पद्धत आणली आणि अनेकांना घरी पाठवले. हातात झाडू घेतलेले त्यांचे छायाचित्र ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले. २०१० मध्ये फेंटी पक्षांतर्गत निवडणूक हरले आणि ऱ्ही गेल्या. धोरण मात्र राहिले. २०१३ मध्ये हेंडरसन यांनी आणखी पंधरा शाळा बंद करण्याचे जाहीर केले. बंद झालेल्या शाळांतील मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांतील होती. त्या दशकभरात राष्ट्रीय चाचण्यांतील राजधानीची सरासरी लक्षणीय वाढली, हेही नोंदवले पाहिजे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमधील दरी मात्र रुंदच राहिली.

शॉ या वस्तीची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. तेथील मिडल स्कूल बंद झाली. नवी बांधून मिळेल अशा आश्वासनावर पालक वर्षानुवर्षे थांबले. २०१८ मध्ये महापौर म्युरिएल बाउझर यांनी ती जागा बॅनेकर या निवडक प्रवेश देणाऱ्या माध्यमिक शाळेला देण्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षी परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०२१ मध्ये बॅनेकरची नवी इमारत उभी राहिली. ज्या मुलांसाठी आंदोलन सुरू झाले होते, ती तोवर मिडल स्कूलच्या वयातून बाहेर पडली होती. शाळेच्या लढ्यातील ही कायमची अडचण आहे: धोरणाला दहा वर्षे लागतात, मुलाला सहावी एकदाच असते.

म्हणूनच पालक लढण्याऐवजी निघून जातात. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये संस्था घसरू लागल्यावर माणसे काय करतात याची मांडणी केली होती: काही आवाज उठवतात, काही बाहेर पडतात. बाहेर पडणे सोपे झाले की आवाज उठवू शकणारे आधी जातात, ही त्यांची चिंता होती. वॉशिंग्टनमध्ये बाहेर पडण्याची तीन दारे आहेत. एक चार्टरचे, दुसरे खासगी शाळेचे, तिसरे मेरिलँड आणि व्हर्जिनियाच्या उपनगरांचे. त्या परिसरात स्थिरावलेल्या भारतीयांनी, त्यांत मराठी कुटुंबेही आली, प्रामुख्याने तिसरे दार पसंत केले. तेथे सोडत नाही; घराचा पत्ता हीच प्रवेशपत्रिका, आणि तिची किंमत गृहकर्जाच्या हप्त्यांत चुकती होते.

चार्टरचे दार स्वीकारणाऱ्यांनाही निश्चिंती नसते. २०१९ मध्ये ‘चावेझ प्रेप’ ही मिडल स्कूल तिच्या संस्थेने बंद केली. शहरातील चार्टर शाळांत शिक्षकांची संघटना प्रथम तेथेच स्थापन झाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलांची ‘ईगल अकॅडमी’ आर्थिक अडचणींमुळे वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर बंद पडली आणि पालकांना काही दिवसांत दुसरी शाळा शोधावी लागली. सनद रद्द होऊ शकते, हे या व्यवस्थेचे बळ मानले जाते: वाईट शाळा चालू राहत नाही. ते खरे आहे. पण ज्या मुलाच्या शाळेला कुलूप लागते, त्याला तो धोरणाचा विजय वाटत नाही.

सूझा शाळेचे दार

राजधानीतील हा झगडा नवा नाही. १९४७ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या ब्राउन ज्युनियर हायस्कूलमध्ये इतकी गर्दी झाली होती की वर्ग पाळ्यांमध्ये भरत होते. गार्डनर बिशप या केशकर्तनालय चालवणाऱ्या गृहस्थांनी पालकांना संघटित करून बहिष्कार पुकारला. सप्टेंबर १९५० मध्ये ते अकरा कृष्णवर्णीय मुलांना घेऊन नव्याने बांधलेल्या जॉन फिलिप सूझा ज्युनियर हायस्कूलच्या दारी गेले. आत वर्ग रिकामे होते. तरी शाळा गोऱ्यांची म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यातून उभा राहिलेला ‘बोलिंग विरुद्ध शार्प’ हा खटला १७ मे १९५४ रोजी, सुप्रसिद्ध ‘ब्राउन’ खटल्याच्याच दिवशी निकाली निघाला. समान संरक्षणाची घटनादुरुस्ती राज्यांना लागू होती आणि वॉशिंग्टन राज्य नव्हते. म्हणून न्यायालयाला पाचव्या दुरुस्तीचा वेगळा आधार शोधावा लागला. मुलांना न्याय मिळवून देतानाही राजधानीचे अर्धवट स्थान आडवे आले होते.

त्या पालकांनी सोडत मागितली नव्हती. त्यांनी सरकारला जाब विचारला होता. आजच्या पालकांच्या हाती बारा पसंतींचा अर्ज आहे, आणि १९५० च्या तुलनेत ते थोडे नाही. दारावर पहारा नाही, वर्ण विचारला जात नाही. पण नदीपलीकडच्या आईला आपल्या वस्तीतील शाळा चांगली हवी असेल, तर तो पर्याय त्या बारा रकान्यांत लिहिण्याची सोय नाही.

भारतात हा प्रश्न परका राहिलेला नाही. दिल्लीत नर्सरीच्या प्रवेशासाठी घराचे अंतर आणि भावंडांचे गुण मोजले जातात. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या आणि त्यांसाठी सोडत आली. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. गरीब पालकाची सोडत वाचली, हे योग्यच झाले. मात्र त्या वादात एक प्रश्न मागे पडला: एक किलोमीटरच्या आत असलेली ती सरकारी शाळा पालकांना नको का वाटते?

वॉशिंग्टनमध्ये १९९६ पासून नेमका हाच प्रश्न सोडतीच्या यंत्राआड उभा आहे. दर मार्चअखेरीस निकाल लागतो, काही घरांत पेढे वाटावेत असा आनंद होतो आणि काही घरांत प्रतीक्षा यादीतला क्रमांक दोनदोनदा वाचला जातो. शहराच्या सत्ताधाऱ्यांना त्या दिवशी कोणी फारसे बोल लावत नाही. शाळांच्या प्रमुखाला मुलीसाठी रांग मोडावी लागली, तेव्हा तेवढा एक दिवस या मौनात खंड पडला होता.